उत्तराच्या पायाचं माप

रविवार, ८ जानेवारी १९८४
दूध उशिरा आलं. दाढी केली. खिचडी केली, तळाला लागली. दुपारी उत्तराचा मोठा भाऊ ढुंढिराज आला. फाल्गुनात तिचं वर्षश्राद्ध. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालून साडी आणि चपला द्यायच्या असतात. गुरुजी म्हणतात, दिलेलं तिला तिकडे पोचतं. तिकडची वाट उन्हाची असते म्हणे.
ढुंढिराज म्हणाला, "गंगाधरराव, चपलांचं माझ्याकडे. दर दिवाळीला मीच घेत होतो की."
खरं आहे. लग्न झाल्यापासून ती भावाच्या चपला घालून माझ्या घरात वावरली.
निश्चय : चपला मी देणार. विकतच्या नाही, स्वतः शिवलेल्या. वेळ भरपूर आहे. एवढ्या वेळात माणूस मोटार चालवायला शिकतो.

मंगळवार, १० जानेवारी
ऑफिस सुटल्यावर द्वारका चौकात गेलो. तिथे धोंडाबाईंचं चपलांचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून त्याच शिवतात, त्याच विकतात, त्याच बोलतात. शिकवाल का विचारलं. म्हणाल्या, "साहेब, नोकरी गेली का?" नाही म्हटलं. कातड्याचा एक तुकडा, भोकं पाडायची आरी आणि मेण लावलेला दोरा दिला. सरळ रेघेत टाके घालायचे. हात बसेपर्यंत तेवढंच.
त्यांना कल्पना नाही. ड्रॉइंगची एलिमेंटरी परीक्षा मी पास आहे.
घरी आल्यावर बोटाला आयोडीन लावलं.

रविवार, १५ जानेवारी
काल संक्रांत. ढुंढिराज तिळगूळ घेऊन आला. बोटाची पट्टी पाहिली. भाजी चिरताना लागलं म्हणालो. त्याने पँटीवरचं मेण पाहिलं आणि सगळं वदवून घेतलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, मीही येतो. नाही कसं म्हणायचं ते वेळेवर सुचलं नाही.
आज दोघे गेलो. पाचव्या मिनिटाला तो त्यांना मावशी म्हणू लागला. त्याला चहा आला. मला अजून आलेला नाही.

रविवार, २२ जानेवारी
ढुंढिराजचे टाके सरळ येतात. धोंडाबाई त्याचा तुकडा गिऱ्हाइकांना दाखवतात. माझा हातात घेऊन म्हणाल्या, "साहेब, ही रेघ कुठं निघाली? पिंपळगावला?" ढुंढिराज हसला नाही. तो कधीच हसत नाही, हीच त्याची खोड आहे.
कारण सापडलं. उजेड त्याच्या बाजूने येतो.
निश्चय : उद्या त्याच्या जागेवर बसायचं.

सोमवार, २३ जानेवारी
बसलो. उजेड डोळ्यांवर येतो.

गुरुवार, २ फेब्रुवारी
सराव पुरे झाला. आता चप्पलच करतो म्हणालो. धोंडाबाई म्हणाल्या, एकदा कापलं की कातडं पुन्हा जुळत नाय, आधी हात बसू द्या. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ठीक आहे. कातडं विकत घेतलं. घरीच करणार.
मापाचा प्रश्न होता. उत्तराच्या चपला गेल्या वर्षीच देऊन टाकल्या. ढुंढिराजला तिचं माप तोंडपाठ आहे, पाच नंबर, अंगठ्यापाशी रुंद. परवा दुकानात सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं. मी मान हलवली. त्याला विचारणार नाही.
इंदिरानगरला घर बांधलं तेव्हा मागच्या ओट्याचं सिमेंट ओलं असताना ती वाळलेले कपडे काढायला गेली आणि तिचा एक पाय रुतला. ठसा बुजवायला गवंड्याला सांगितलं होतं, राहून गेलं. मी तेव्हा रागावलो नव्हतो. आवाज जरा मोठा होता.
आज त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली. टाचेपाशी ठसा मागे ओढला गेलाय. सिमेंट घसरलं असणार. तेवढं दुरुस्त केलं. कागदावर 'उत्तरा' लिहिलं.
हे माप भावाकडे नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी
दोन्ही तळ कापले. एक कापल्यावर तोच कागद दुसऱ्यासाठी ठेवला. नाव पालथं पडू नये म्हणून दोन्ही वेळा काळजी घेतली. कातडं कापायची रापी दोनदाच सटकली.

रविवार, २६ फेब्रुवारी
ढुंढिराजची जोडी झाली. धोंडाबाईंनी ती दुकानात पुढे टांगली आहे. एक बाई विकत मागत होती म्हणे. हे त्याने मला सांगायला इंदिरानगरपर्यंत यायची गरज नव्हती.
माझीही झाली. टाके हाताने घातलेले आहेत हे लगेच कळतं. शेजारी शेजारी ठेवल्या की दोघींची तोंडं एकाच बाजूला वळतात. वापरात आल्यावर जुळतील.

रविवार, ४ मार्च
श्राद्ध झालं. सवाष्ण म्हणून गुरुजींच्या पत्नी इंदिराबाई होत्या. जेवणं झाल्यावर ढुंढिराज पिशवी उघडायच्या आत मी माझी जोडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी डावा पाय घातला. मग उजवा घातला, काढला, गुरुजींकडे पाहिलं.
गुरुजी म्हणाले, "गंगाधरराव, दोन्ही डाव्या आहेत."
कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं.
ढुंढिराज म्हणाला, "बरोबर केलंत. तिची डावीच आधी झिजायची. लहानपणी जांभळीवरून पडली होती ना. दमली की डावा पाय घासायची. दर दिवाळीला म्हणायची, दादा, एक डावी जास्तीची मिळते का बघ."
मी म्हणालो, म्हणूनच तशा केल्या.
इंदिराबाई ढुंढिराजची जोडी घालून गेल्या. माझी एक, जास्तीची म्हणून, पिशवीत टाकून घेतली. दुसरी राहिली.
पाय घासायची, हे मला माहीत होतं. एवढी वर्षं ती या घरात चालत होती. दिसलंच असणार.
सगळे गेल्यावर खरकटं काढलं. मागचा ओटा धुतला. ठशात पाणी साठलं होतं, टाचेमागे ओढलेल्या जागेतही. फडकं आणून टिपून घेतलं.