दोन वीत आणि एक मूठ

२ मार्च, सोमवार

तुरुंगाच्या कॅन्टीनमधून वही घेतली. ही फक्त माझ्यासाठी. गुरुवारपर्यंत वर कुणाच्या तरी लक्षात चूक येईलच, त्यामुळे चार पानं पुरेत. उरलेली घरी वाण्याच्या यादीला.

घटना एकदाच लिहून ठेवते. नगरपालिकेचा इंजिनिअर फौझी माझ्या बाल्कनीला मोजायची टेप लावत होता. म्हणाला, बाल्कनी अर्धा मीटर रस्त्यात आलीय. वर म्हणाला, आजी, जरा बाजूला व्हा. मी एकाहत्तरची आहे. त्याची आजी होण्यासाठी मला फार लवकर सुरुवात करावी लागली असती. छत्री माझ्या हातात होती. तो तिच्याखाली आला. चार टाके. डोकं स्थिर ठेवलं असतं तर दोनात भागलं असतं.

तीन महिने शिक्षा. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका होते मी, आणि न्यायाधीशाने नाव विचारताना मान वर केली नाही.

भाचा रामी वकील आहे. म्हणतो, मावशी, चार ओळींचा माफीनामा लिहून दे. इंजिनिअर तक्रार मागे घेईल, २९ तारखेला अपिलात सुटशील. मी म्हटलं, नन्सच्या शाळेत बारा वर्षं काढली, तिथे माफी मागितली नाही. सिस्टर आन्येसनी दोनदा गुडघ्यांवर उभं केलं. तिसऱ्यांदा त्याच कंटाळल्या.

३ मार्च, मंगळवार

आमच्या खोलीत बेचाळीस बायका. प्रमुख सनीया; सगळ्या तिला मुअल्लिमा म्हणतात, म्हणजे उस्तादीण. हशीश विकायची. पंजा भाकरीच्या फळीएवढा. झोपायची जागा तीच मोजून देते, हातानं. प्रत्येकीला दोन वीत आणि एक मूठ. ती स्वतः सात वितींत झोपते.

मी लेखी नियम मागितला. ती म्हणाली, मादाम, सरकारने टेप दिली नाही, देवाने हात दिलाय. खिदळल्या सगळ्या.

पुन्हा टेप! छत्री जप्त आहे.

संकल्प: आठवड्याभरात खिडकीजवळची जागा मिळवायची. संभाषणकौशल्याने.

५ मार्च, गुरुवार

सुटले नाही. कारकुनी दिरंगाई.

या खोलीत कुणीतरी घोरतं. सकाळी सगळ्यांचे डोळे लाल. मला काही ऐकू आलं नाही; सद्सद्विवेकबुद्धी स्वच्छ असली की झोप लागते. सनीयाने चहाच्या वेळी विचारलं, काय करायचं या घोरण्याचं? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे, शिकलेली मी एकटीच. तपास हाती घेतला.

घरीही हाच त्रास. खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर हबीब गेली नऊ वर्षं पहाटे छताला काठी ठोकतो. विक्षिप्त मनुष्य. मी त्याला जिन्यात ओळख दाखवत नाही.

८ मार्च, रविवार

भेटीचा दिवस. इतरांच्या घरून बदक, कोबीचे भात भरलेले डोलमे, मॅकरोनीचे परातभर थर. रामीने आणलं काय? इस्त्रीचे रुमाल, संतचरित्रं आणि मारी बिस्किटं.

इथला कायदा असा: जिला भेट येते ती पंगतीला बसते, जिला येत नाही ती भांडी घासते. माझी बिस्किटं सनीयाने हातात घेतली, वास घेतला आणि भेट धरायची की नाही यावर मत मागवलं. एकीने सुचवलं, अर्धी भेट धरा. मला पातेलं मिळालं.

तसाही माझा ईस्टरचा उपास चालू आहे. मला फरक पडत नाही.

नळावर शेजारी नागात. बावीस वर्षांची, ट्राममधली पाकीटमार. तिला कधीच कुणाची भेट येत नाही. म्हणाली, मादाम, राख नीट लावा, पातेल्याला काही तुमची भीती वाटणार नाही. उद्धट मुलगी.

९ मार्च, सोमवार

सनीयाने बोलावलं. म्हणाली, खटल्याचे कागद येतात, आम्ही अंगठे देतो, वकील देवाची शपथ घेऊन आम्हाला बुडवतात. आपलं एक माणूस वाचणारं-लिहिणारं पाहिजे. नागातला शिकवा. तुम्ही माझ्या पंगतीत.

ज्ञानदानाचा मोबदला घ्यायला मी तयार नव्हते. बदकाची तंगडी आली. उपास आहे, पण वाढलेलं नाकारणं हा त्याहून मोठा अहंकार, असं सिस्टर आन्येस म्हणायच्या. म्हणाल्या नसतील तर म्हणायला हवं होतं.

१२ मार्च, गुरुवार

नागातचा हात अपूर्व आहे. पेन्सिल धरते ती जणू कुणाच्या खिशात. कागदाला कळतसुद्धा नाही. एकतीस वर्षांत इतकी हलकी बोटं एकाही विद्यार्थिनीची नव्हती. सगळ्या जजांच्या नि सर्जनांच्या मुली, हात नांगरासारखे.

गिरवायला नमुना म्हणून माझंच नाव दिलं: क्लेमांस सिदरॉस. खाली माझी सही, शेपटीसकट. पन्नास वेळा. अक्षर आधी, अर्थ नंतर, ही आमच्या शाळेची पद्धत.

चहा इथे एका उघड्या तारेवर उकळतात. वायर बादलीत, टोकं भिंतीच्या भोकात. भयंकर. वॉर्डर इन्साफकडे तक्रार करणार आहे. तिसरा ग्लास झाला की.

१६ मार्च, सोमवार

खिडकीजवळची जागा अजून नाही. पण एक लक्षात आलं. माझ्या दोन्ही बाजूंच्या बायका सरकल्या आहेत. या दाटीत माझ्याभोवती वीतभर जागा मोकळी! न मागता! उजवीकडची तर दाराशी, चपलांत जाऊन झोपते. आदर हा असा मिळवावा लागतो.

तपास: घोरणारी बहुधा खुद्द सनीया. तिला सांगायचं कसं, हा प्रश्न. तूर्त तपास गोपनीय.

१९ मार्च, गुरुवार

रामी पुन्हा. कोरा कागद घेऊन आला होता. म्हणाला, मावशी, इंजिनिअर चांगला माणूस आहे, चार ओळी, मी सांगतो, तू लिही. मी जाळीच्या या बाजूने उभी राहून बोलले. दहा मिनिटं. प्रतिष्ठा, तत्त्व, फ्रान्समधून आलेल्या नन्स, सगळं. म्हटलं, हा हात मोडेल, पण फौझीपुढे वाकणार नाही. पहारेकरीसुद्धा थबकले.

खोलीत परतले तर बातमी आधीच पोचलेली. सनीयाने विचारलं, मग नाही लिहिलं तर किती दिवस? म्हटलं, मेअखेर. ती म्हणाली, मेअखेर? आणि खाली बसली. कोपऱ्यातून एक बाई चक्क रडायला लागली. एक म्हणाली, माझी तर मेपर्यंतची शिक्षाच आहे, म्हणजे सगळी हिच्याबरोबर!

इतकी माया! तीन आठवड्यांत! शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं आणि टाळ्या घड्याळाला मिळाल्या.

२१ मार्च, शनिवार

वर्ग भरून वाहतोय. आज एकोणीस जणी. सनीया स्वतः पहिल्या रांगेत, मांडी घालून.

प्रश्नांचा पाऊस. 'माननीय इंजिनिअर' कसं लिहायचं? 'टाके' कसं? 'पश्चात्ताप' कसं? हा शब्द नागातने एका दमात लिहिला. मी म्हटलं, अनुभवाशिवाय इतकं सुबक कसं लिहिलंस? ती म्हणाली, मादाम, तुमचं बघून.

मग माफीनाम्याचा नमुना मागितला. मी भिंतीचाच फळा करून मांडून दिला: आधी नमस्कार, मग चूक, सबब एकही नाही, शेवटी सही. म्हटलं, जिला लाज नाही तिच्यासाठी हा नमुना. सनीयाने मान डोलावली. म्हणाली, खरंय मादाम, लाज आम्ही आत येतानाच गेटवर जमा केली, पावती आहे.

बाल्कनीचाही विषय निघाला. चहा झाला होता. सांगून टाकलं की बांधतानाच गवंडी माझ्या नवऱ्याला म्हणाला होता, ही पुढे आली हं. आपलं आपल्यात.

२४ मार्च, मंगळवार

नागातने पहिलं पत्र लिहिलं. आईला, म्हणाली. मला दाखवलं नाही, खासगी आहे. मी खासगीपणाचा आदर करते. (चटईखाली शोधलं. मिळालं नाही.) लिफाफा मात्र माझाच दिला, घरचा, चांगल्या कागदाचा.

वॉर्डर इन्साफ एरवी नखंसुद्धा तपासते. आज तिने पत्र दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं आणि निघाली. जाताना सनीयाला म्हणाली, मीही रात्रपाळी करते ग बाई. साक्षरतेबद्दल अशी तळमळ सरकारी नोकरांत दुर्मीळ.

२८ मार्च, शनिवार

उद्या अपील. भाषण तयार आहे, सात मुद्दे. फौझीला शेवटच्या मुद्द्यावर नाव घेऊन सुनावणार. मग मेअखेरपर्यंत खुशाल आत. माझं सामान सनीयाने स्वतः बांधून दिलं. म्हटलं, परत यायचंय मला. ती म्हणाली, असू द्या मादाम, बांधलेलं बरं दिसतं.

२९ मार्च, रविवार. घरी.

सात मुद्द्यांपैकी एकही बोलता आला नाही.

न्यायाधीशाच्या हातात माझा लिफाफा होता. या वेळी त्याने मान वर केली. म्हणाला, इंजिनिअर फौझींना तुमचं पत्र पोचलं, त्यांनी तक्रार मागे घेतली आहे. हे तुम्हीच लिहिलंत ना, खात्रीसाठी वाचून घ्या.

वाचलं. उतरवून ठेवते, कारण रामीने मूळ प्रत ठेवून घेतली आहे आणि डोळे पुसतोय, मूर्ख.

'माननीय इंजिनिअर फौझी साहेब, नमस्कार. मी तुमच्या डोक्यात छत्री मारली. ती आपोआप लागली नाही. बाल्कनी पुढे आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. मी वाईट नाही, पण मला माझा आवाज ऐकू येत नाही. मी ओरडते ते मला बोलणं वाटतं. मी घोरते तेही मला कळत नाही, बेचाळीस बायकांना कळतं. घरी मी एकटी असते, म्हणून कुणी सांगितलं नाही. तुमचे टाके बरे झाले असोत. तुमची, क्लेमांस सिदरॉस.'

सही, शेपटीसकट. माझ्यापेक्षा चांगली.

सरळ मार्ग समोर होता. म्हणायचं, हे माझं नाही. मग मी मेअखेरपर्यंत तत्त्वाला धरून आत. आणि नागात? खोट्या सहीचे किती महिने लागतात ते रामीला विचारावं लागलं नसतं, तिने चोरलेल्या पाकिटांचे किती लागले ते मला ठाऊक आहे.

फौझी बाकावर बसला होता. डोक्यावर टाक्यांच्या जागी अजून टक्कलाचा चौकोन. मला पाहून उभा राहिला.

चष्मा काढला, पुसला, घातला. म्हटलं, होय. अक्षर माझंच.

फौझी म्हणाला, आजी, झालं गेलं विसरा.

आजी. पुन्हा.

छत्री परत मिळाली आहे, हे नमूद करते.

२ एप्रिल, गुरुवार

पलंगाची रुंदी नऊ वीत. सहज मोजली.

नागातवर मी अत्यंत संतापलेली आहे. पुन्हा तिचं तोंड बघणार नाही. पत्रात परिच्छेद पाडलेले नाहीत. सात मुद्दे इथेच लिहून ठेवावेत म्हणून वही उघडली. तिसरा आठवला.

१३ एप्रिल, सोमवार. शम्म अल-नसीम.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीचा वसंताचा सण, म्हणून तुरुंगात भेट असते. खारवलेला मासा, कांद्याची पात, रंगवलेली अंडी, वर बदक. बिस्किटं नाहीत. संताप समक्ष व्यक्त करावा म्हणून गेले.

फॉर्मवर कारकुनाने विचारलं, कैद्याशी नातं? फक्त नातेवाइकांना भेट. लिहिलं, मावशी. तो म्हणाला, बाई, तुम्ही सिदरॉस, ख्रिश्चन, ती नागात अब्दुल-आती. कसली मावशी? मी नागातने स्वतः भरलेला फॉर्म मागवला, माझ्या फॉर्मशेजारी ठेवला आणि म्हटलं, अक्षर बघा. एकच घराणं आहे. त्याने दोन्ही फॉर्म उजेडात धरले. शिक्का मारला.

जाळीपलीकडून नागातने माझ्याकडे नाही, आधी टोपलीकडे पाहिलं. म्हणाली, मादाम, ही तर पूर्ण भेट! आज भांडी दुसरी कुणीतरी घासेल. मग म्हणाली, रागावलात? मी म्हटलं, परिच्छेद कुठे होते? म्हणाली, कागद एकच होता.

आता ती सगळ्या खोलीचे माफीनामे लिहिते. न्यायालयात एकाच वळणाचे एकतीस गेले म्हणे, सगळ्यांच्या सह्यांना शेपूट.

सनीयाने मागून ओरडून विचारलं, झोप लागते का घरी? म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, आम्हालाही! माझी जागा चौघींत वाटली म्हणे. प्रत्येकीला अर्धी वीत जादा आली, म्हणून आशीर्वाद देतात मला.

घोरण्याबाबत: बेचाळीस अशिक्षित बायकांचा गैरसमज हा पुरावा होत नाही. तपास बंद.

१४ एप्रिल, मंगळवार

सकाळी दारावर डॉक्टर हबीब. हातात टोपी आणि ईस्टरचा केक. म्हणाला, मादाम, परत आलात, आनंद आहे. तुम्ही नव्हतात तो महिना... आणि टोपी फिरवत म्हणाला, लहान तोंडी मोठा घास, पण तुमचा पलंग माझ्या उशीच्या बरोबर वर आहे. जरा सरकवता आला तर? नऊ वर्षं मी काठीने सुचवतोय.

मी त्याला सांगितलं की असल्या मागण्यांना मी भीक घालत नाही. दार लावलं. केक घेतला होता.

दुपारी पलंग भिंतीकडे सरकवला. पाठ भरून आली. दोन वीत आणि एक मूठ. जास्त नाही. केर काढायला सोयीचं पडतं म्हणून.