ओढ्यातली ओढ

सोलापूर, ऑक्टोबर १९७४

तीर्थस्वरूप निंगप्पामामांस,

भाचा चन्नवीर याचे शरणु शरणार्थी. इकडे सर्व ठीक. तुमचा गुडघा आणि (त्याहून नाजूक) तुमचा राग, दोन्हींची सूज उतरली असेल अशी आशा धरून लिहितो.

तुमच्या गिरिजाला बघायला शुक्रवार पेठेतून निघालेली मंडळी तुमच्या वस्तीवर पोचलीच नाहीत, याचा दोष तुम्ही माझ्या जीपला देता. हा अन्याय आहे. गाडीला किती बैलांची ओढ आहे, असं तुम्ही आधीच विचारलं होतंत. मी (मोटारीचा वर्ग शिकवतो, म्हणजे अब्रूचा प्रश्न) रीतसर हिशेब मांडला. इंजिनाचा पीळ (म्हणजे फिरवण्याचा जोर) गिअरने जितका वाढतो तितका वाढवायचा आणि चाकाच्या त्रिज्येने भागायचा, की चाकाची ओढ निघते. ती सहा बैलांची निघाली. तुम्ही खुशीत येऊन मामींना गव्हाची गोड हुग्गी शिजवायला सांगितलीत.

पण मामा, नुसती ओढ असून भागत नाही, जमिनीनेही चाक धरावं लागतं. होटगीपुढच्या ओढ्यात पावसाने काळ्या मातीचं लोणी झालेलं. मागची दोन चाकं सहा बैलांच्या जोराने जागच्या जागी फिरली आणि तो सगळा जोर नवरदेवाच्या पांढऱ्या सदऱ्यावर जमा झाला. (मागून ढकलायला त्याला मीच सांगितलं. चौघांत धडधाकट तोच दिसला.) त्याचे वडील चनमल्लप्पा धोतर वर धरून शांतपणे म्हणाले, "हिशेब लई चांगला येतोय की तुमाला. गाडी तेवढी पुढं येत न्हाय." आणि मंडळी होटगी स्टेशनाकडे चालू लागली. आता त्यांचा नकार आलाय, याचं मला फार वाईट वाटतं. हुग्गी तेवढी वाया गेली नाही. मी दोनदा वाढून घेतली.

मामींना नमस्कार.

तुमचा दुःखी भाचा,
चन्नवीर

ता. क. मंडळी गेल्यावर एकही बैल न जुंपता जीप वस्तीवर कशी आली, असं मामी विचारत होत्या. जीपला गिअरशेजारी आणखी एक दांडा असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढू लागतात. मंडळी असेपर्यंत तो माझ्या ध्यानात आला नाही.

आणखी एक ता. क. ध्यानात होता. मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा, ही आपल्यातली रीत तुम्ही विसरलात, म्हणून एवढी यंत्रविद्या खर्चावी लागली. मला गिरिजा हवी आहे, मामा. दुसरं स्थळ बघू नका. तिच्या मनाचं म्हणाल, तर तिलाच विचारा. दांड्याला हात लावायचा नाही, असं तिनेच बजावलं होतं.