नलूमावशीला ठेवलेली वाट

७ जाने.
काम सुरू. मिस्त्रीने जुनी मोरी फोडली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला गॅलरीच्या टोकाच्या, जिन्याजवळच्या संडासापर्यंत चालवणार नाही, म्हणून घरातच कमोड. तोवर ती मामाकडे, माहीमला. विटा, वाळूच्या गोण्या गॅलरीत भिंतीला लावून ठेवल्या. दुसरी जागा नाही.

९ जाने.
नलूमावशीची तक्रार. चाळ कमिटीकडे, लेखी. "जाण्यायेण्यास वाट नाही." तिची खोली शेवटची, जिन्याकडे जायचं तर आमच्या दारावरूनच. लहानपणी शाळेतून आलो की हिच्याच घरी जेवायचो. तोंडावर बोलली असती तर चाललं असतं. टेप लावून मोजलं, दोन फूट नऊ इंच मोकळे. तसं उत्तर दिलं. दोनदा फेअर केलं.

१० जाने.
मिस्त्री गेल्यावर सगळ्या विटा भिंतीलगतच, पण उभ्या करून नव्याने रचल्या. तीन इंच वाढले. झाडून काढलं.

११ जाने.
गोण्या जिन्याजवळ नेल्या. मावशी दारात उभी. म्हटलं, "बघ, आज किती मोकळं केलंय."
"रोज कित्याक हलयतंस रे मेल्या? जंय आसा थंयच ऱ्हवांदे!"
ठेवलं तरी तक्रार, हलवलं तरी तक्रार. बोलून गेलो, "तुला काम बंदच पाडायचंय काय?" ती आत गेली. नको होतं बोलायला.

१३ जाने.
मावशी पडली. सकाळी दूध आणायला निघाली होती. काल संध्याकाळी मी गोण्या पुन्हा सरकवल्या होत्या. तिच्यासाठीच. खुब्याचं हाड.
टॅक्सीत माझं मनगट धरून म्हणाली, "माका दिसणा नाय रे झिला. उजेड तेवढो कळता. दोन वर्सां झाली. कोणाक सांगा नको. भाचीक तर नकोच."
भिंतीला हात लावून जिन्यापर्यंत जायची. भिंतीशी विटा आल्या, हात पोचेना, तेव्हा तक्रार. मग त्या विटाच चाचपून पाठ केल्या तिने. आणि मी रोज संध्याकाळी

१६ जाने.
तिचं ऑपरेशन झालं. भाची विद्याताई वडाळ्याहून आल्या. वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्या संडासापायी माझी मावशी गेली असती. वर मोजून उत्तर दिलंत म्हणे!"
म्हटलं, चुकलं माझं. पुढचं बोललो नाही. मावशी पलंगावरून ऐकत होती.

२ फेब्रु.
काम संपलं. आई घरी आली. कमोड बघून म्हणाली, "नलूलाही इथेच येऊ दे रे. ती कशाला टोकापर्यंत जाईल?" मावशी विद्याताईंकडे आहे. खोलीला कुलूप.

९ फेब्रु.
वडाळ्याला जाऊन आलो. मावशी वॉकर धरून उठली. बारीक झालीय.
"गॅलरी मोकळी झाली?"
"झाली."
"मगे माका घरा व्हर. हय खंय हात लावचो ताच कळणा नाय."
विद्याताई चहा घेऊन आल्या, तशी गप्प. मग त्या मला खाली सोडायला आल्या. "परवा तिने पाणी ग्लासाबाहेर ओतलं. खरं सांगा, तिला दिसतं ना? दिसत असेल तर महिनाअखेरीला पोचवते. नसेल तर ती खोली विसरा, मी एकटीला ठेवणार नाही. तुम्ही शेजारी, तुम्हाला माहीत असणार."
म्हटलं, आईला विचारून फोन करतो. आईला यातलं काहीच ठाऊक नाही.

१० फेब्रु.
दुपारी गॅलरीत कोणी नव्हतं. मावशीच्या दारापासून डोळे मिटून निघालो, भिंतीला हात लावून. भिंत संपेपर्यंत नीट गेलो. पुढे पाय टाकवेना, डोळे उघडले. जिना अजून तीन पावलं लांब होता.
ती रोज उतरायची.
विद्याताईंचे दोन मिस्ड कॉल.