समोरच्या बाकावरचा माणूस

४ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दिवंगत नगराध्यक्षांचा ब्राँझचा पुतळा करायचं काम मला मिळालं, तेव्हापासून तू अबोला धरलायस. तुझ्या जन्माच्या विरोधकाला मी चौथऱ्यावर चढवणार ना! पण आता मीच हात टेकलेत. मातीचा नमुना त्यांच्या पत्नीने दोनदा नापसंत केला. हे आमचे नव्हेत, एवढंच म्हणतात आणि निघून जातात. कार्यकर्ते तर त्यांना देवच करून सांगतात. या वेळी जमलं नाही तर काम दुसऱ्याकडे जाईल, आणि माझं हे पहिलंच मोठं काम. तू वीस वर्षं सभागृहात त्यांच्या समोर बसलास. ते उभे कसे राहायचे रे? राग गिळून सांग.

वहिनीला नमस्कार. लोभ कसाबसा तरी टिकवून ठेव.

तुझी,
ठमी

९ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

ज्याने माझा एकही ठराव मंजूर होऊ दिला नाही, त्याला घडवायला मी मदत करू? पण तुझी वहिनी म्हणाली, रोज जेवताना त्याचंच नाव घेता, बहिणीला सांगायला काय जातं. म्हणून लिहितो.

त्याचा डावा खांदा पडलेला असायचा. बोट कुणावर रोखायचा नाही. मी बोलायला उठलो की चष्मा काढून हातात धरायचा आणि डावा कान माझ्याकडे करायचा. उजव्याने त्याला कमी ऐकू यायचं. हे मी कधी कुणाकडे बोललो नाही. असो. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा,
दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नमुना पसंत! बाई कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. मग कानाचं कुणी सांगितलं म्हणून विचारलं. तुझं नाव ऐकून रडता रडता हसल्या. म्हणाल्या, घरी आले की ते तुझ्या भाषणांची नक्कल करायचे. तू आजारी होतास तेव्हा सभेला जायलाच कंटाळायचे. अनावरणाला पहिल्या रांगेत तुझी खुर्ची त्यांनीच ठेवायला सांगितलीय. येशील ना रे?

तुझी लाडकी (असं मीच म्हणते),
ठमी

२१ नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

न भेटताच निघून आलो म्हणून रुसली असशील. पाहुण्यांनी भाषणात ठोकून दिलं, की नगराध्यक्षांना आयुष्यात कुणी विरोध केलाच नाही. मी सवयीने उठलो, खड्या आवाजात हरकत घेतली. लोक हसले. पाहुणेही हसून पुढे बोलू लागले. आणि मी वेड्यासारखा पुतळ्याकडे बघत त्याच्या उत्तरासाठी उभाच राहिलो. तो गेला हे मला तेव्हा कळलं, ठमे. चारचौघांत रडायची लाज वाटली, म्हणून निघालो.

काम उत्तम झालंय.

तुझा,
दादा