बाबांची साक्ष

१२ मार्च, गुरुवार
सासरे आता नुसतं पाणी घेतात. हॉस्पिसची, शेवटच्या दिवसांत घरी येते ती नर्स म्हणाली, थोडेच दिवस. सकाळी ह्यांनी बायबल उघडलं तर बाबा म्हणाले, "ठेव ते." जन्मभर नगरकडं चर्चचे पाळक होते. म्हणे, "हाक मारतो, पलीकडं कुणी नाही. मला टाकलंय त्यानं."
हे पांढरेफटक. मी म्हटलं, आधी कूस बदलायला हात लावा, मग देवाचं बघू.

१४ मार्च, शनि.
ह्यांना साक्ष हवी, मरणाऱ्यानं आपला विश्वास बोलून दाखवायचा. सासूबाईंनी जाताना दिली होती, प्रभूकडं चालले, रडू नका. आता बाबांनी द्यावी. इथल्या, अमेरिकेतल्या अल्फारेटाच्या मराठी मंडळीला, चर्चच्या लोकांना सांगून बसलेत, उद्या या, व्हिडिओ करू, फ्यूनरलला लावू. माणूस अजून जिवंत आहे घरात. रूथ म्हणाली, "डॅड, लेट हिम बी." पोरीचं कोण ऐकतं.

१५, रविवार
दारात बुटांचा ढीग. गाणी झाली. हे फोन धरून, "बाबा, बोला ना. दोनच शब्द."
बाबा छताकडं बघत होते. मग म्हणाले, "मला भीती वाटते."
मंडळीतल्या शांताकाकूंनी घाईघाईनं प्रार्थना धरली, मोठ्यानं, उतू जाणाऱ्यावर झाकण ठेवावं तशी. प्रभुभोजनाची भाकर ओठाला लावली, बाबांनी तोंड मिटलं.
पोहे देऊन सगळ्यांना घालवलं.
नंतर हे, "असेच गेले तर कुठं जातील?" मी म्हटलं, बाबांची काळजी का लोकांची? रडायला लागले. तोडून बोलले मी. पण बोलायला हवंच होतं कुणीतरी.

१७, मंगळ.
अंग पुसताना बाबा म्हणाले, "सूनबाई, तुझा आहे का विश्वास?"
"कुणी विचारलं कधी? लग्नात हो म्हटलं, तेच चाललंय."
हसले. किती दिवसांनी. मग मनगट धरलं. "माझ्यानं होत नाही. तू कर."
मला मोठ्या प्रार्थना कुठं येतात. जेवणाआधीची येते, तीच म्हटली. हे अन्न, हे घर, सगळ्यांना पोटभर दे. आमेन मीच म्हटलं. ते नाही म्हणाले. मनगटही सोडलं नाही.

१९, गुरु.
डोळे मिटलेलेच. घशात घरघर. हे कामावर गेले नाहीत. मी परत जेवणाचीच म्हटली. शेवटाला बाबांचे ओठ हलले.
हे ताडकन उठले. "आमेन म्हणाले ना? तू ऐकलंस ना?"
मी काडीवरचा स्पंज ओला करून ओठांना लावला. चोखला त्यांनी.
मंडळीचा फोन वाजतोय. काय सांगू, विचारतायत हे.
म्हटलं, पाणी प्यायले म्हणून सांगा.