अण्णांच्या गाडीच्या मूळ नट-बोल्टांबाबत

आणि गंजलं की फेकायचं, हे तुला कोणी शिकवलं, दादा? अण्णांनी तर नाही. त्या माणसानं उभ्या आयुष्यात एक वॉशर फेकला नाही. तुझं पत्र पोचलं: जुन्या बोल्टांचे सगळे डबे महिनाअखेर भंगारवाल्याला देतोय, नव्या बोल्टांचा अख्खा सेट मागवलाय, दातांचा डॉक्टर गाडी घ्यायला तयार आहे, सोबतच्या विक्रीच्या कागदावर सही करून पाठव. चार वर्षांनी चार ओळी. जिवंत आहेस का, एवढंही विचारलं नाहीस. सही करण्यापुरता जिवंत असलो म्हणजे झालं.

सही पाठवत नाही. मृत्युपत्र पाठवतो.

इथं कामावर दर वर्षी एक छापील कागद भरून घेतात. माणूस गाडीखाली सापडून गेला तर पैसे कोणाला द्यायचे, असा त्यात रकाना आहे. चार वर्षं त्या रकान्यात तुझं नाव होतं. काल खोडलं. खोडल्यावर हात थांबेना, म्हणून घरचंही सगळं एकदाच लिहून मोकळा होतो.

तर मी, अण्णांचा धाकटा मुलगा, ज्याला तू गॅरेजभर 'भिंगरी' म्हणून हाका मारायचास तो, वय सव्वीस, धंदा जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणे, राजीखुशीने लिहून ठेवतो की माझ्यामागे माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी. 'अक्कलहुशारीने' असंही लिहायची पद्धत आहे. पण अक्कल मला नाही हे मी सातवीत शाळा सोडली त्याच दिवशी तू चारचौघांत जाहीर केलंस, तेव्हा नुसत्या हुशारीने लिहितो. प्यायलेलो नाही. ताप नाही. कोणी मानेवर बसलेलं नाही. राग आहे. पण रागात लिहिलेलं मृत्युपत्र चालत नाही असा कायदा नाही, मी विचारून घेतलंय.

कलम एक. गाडी.
अण्णांनी ही गाडी एका बंद गिरणीच्या मागून ओढून आणली तेव्हा तिच्यात कोंबड्या बसत होत्या. जाताना त्यांनी ती आपल्या दोघांच्या नावावर अर्धी-अर्धी केली. पुढची अर्धी कोणाची आणि मागची कोणाची हे लिहिलं नाही, नाहीतर तू इंजिन ठेवून मला डिकी दिली असतीस. माझी अर्धी माझ्यामागे वहिनींची. तुझी नाही. वहिनी तुझ्याच घरात राहतात हे मला माहीत आहे. म्हणूनच त्यांना देतोय. एक बोल्ट बदलायचा तरी आता स्वयंपाकघरात जाऊन विचारावं लागेल.

कलम दोन. डबे आणि पुठ्ठे.
उरलेले डबे एक्केचाळीस. हेही वहिनींचे, आणि हे देणं नाही, परत करणं आहे. अण्णांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, माझं त्याहून वाईट, आणि तुला वेळ नव्हता. प्रत्येक डब्यावरची चिठ्ठी वहिनींच्या हातची आहे. अण्णा एक-एक बोल्ट काढत सांगायचे, 'सूनबाई, लिही, डावं मडगार्ड, मागून तिसरा,' आणि त्या पिठाच्या हातानं लिहायच्या. मग अण्णा पुठ्ठ्यावर मडगार्डाचा आकार काढायचे आणि ज्या जागचा बोल्ट त्याच जागी खोचायचे. तू हसायचास. म्हणायचास, 'अण्णा, बोल्ट आहेत की फुलपाखरं?'

आता ऐक, उंटावरच्या शहाण्या. डाव्या मडगार्डाचे पुढचे दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा अर्धं बोट आखूड आहेत. कारखान्यातच तसे केलेत, कारण तिथं मागे चाक येतं. तुझ्या नव्या सेटमध्ये सगळे एका मापाचे. लांब बोल्ट घालशील, पहिल्या वळणाला टायर कापला जाईल, आणि तू म्हणशील टायरवाल्यानं फसवलं. डबे भंगारात गेले की असं होतं. माल जातो त्याचं काही नाही. कुठं काय होतं ते कळायची सोय जाते.

कलम तीन. दाराची बिजागरी.
हिच्याबद्दल मी कोणालाही माफ केलेलं नाही. जुन्या बोल्टांचे आटे इंचाचे, नव्यांचे मिलिमीटरचे. दोन फेरे बसतात, तिसऱ्याला अडतात. अडलं की शहाणा माणूस थांबतो. तू रिंग पाना लावून दात-ओठ खात फिरवलास. मी ओरडलो, 'दादा, आटे जातील!' तू म्हणालास, 'जातील कुठं, इथंच आहेत.' गेले. पन्नास वर्षं टिकलेली बिजागरी तू चहा गार व्हायच्या आत घालवलीस. मागवलेला सेट परत कर. तोही मिलिमीटरचाच आहे, हे मी न बघता लिहून देतो.

कलम चार. माझी हत्यारं.
हिरवी पेटी, कुलूपबंद. किल्ली माझ्याकडे आहे आणि माझ्याकडेच राहील. मी मेल्यावर पेटी फोडावी लागेल, ती वहिनींनी फोडावी. आतली हत्यारं जो कोणी गाडीला हात लावील त्याने वापरावीत, फक्त छिन्नी म्हणून पेचकस वापरणाऱ्याला देऊ नयेत. नाव लिहायची गरज नाही.

कलम पाच. प्लेटिंगवाला.
याला काहीही देऊ नये. सीटचे बोल्ट चमकवायला दिले तर यानं डोक्यावरची कारखान्याची खूण घासून काढली आणि वर म्हणाला, 'कशी आरशासारखी झाली!' आरसा पाहिजे असता तर आम्ही आरसा आणला असता.

कलम सहा. दातांचा डॉक्टर.
याच्याशी माझं वैर नाही, पण मैत्रीही नाही. लोकांचे दात पांढरे करून करून त्याला सगळंच पांढरंशुभ्र पाहिजे असतं. तू लिहिलंस की 'त्यांना एकही डाग चालणार नाही'. मग त्यांनी नवी गाडी घ्यावी. दुकानात रांगेत उभ्या असतात. अण्णांच्या गाडीच्या बॉनेटचा खिळा झिजलाय तो अण्णांच्या अंगठ्यानं झिजलाय, किडलेला दात नाही तो, उपटायला.

कलम सात.
याला नाव देता येत नाही. हे कलम मला सगळ्यात आधी लिहायला पाहिजे होतं.

गाडी उतारावर घ्यायची त्या दिवशी स्टिअरिंगच्या दांड्यासाठी तू चार नवे बोल्ट आणले होतेस. इंचाचेच होते, नीट शोधून आणले होतेस. बाकावर कागदाच्या पुडीत होते. मी पुडी ड्रॉवरमध्ये ढकलली आणि अण्णांचे जुनेच बसवले. तू हात पुसत आलास आणि विचारलंस, 'नवे घातलेस ना रे?' मी म्हटलं, 'हो.'

पुढचं तुला माहीत आहे, तू आत होतास. तू चाक फिरवलंस आणि गाडी सरळच गेली. भिंत आली. डावा गुडघा गेला.

तू खाटेवरून म्हणालास, 'बोल्ट जुना होता.' आणि मी वहिनींसमोर, शेजाऱ्यांसमोर म्हणालो, 'यानंच नंतर पान्याला पाईप लावून आवळला म्हणून तुटला.' पंधरा दिवसांत घर सोडलं, ते याच वाक्यावर पाय ठेवून. दादा, पाईप तू लावला नव्हतास. पाईप त्या दिवशी सकाळपासून खुंटीला होता. मी बघितला होता.

तुटलेला तुकडा मी सोबत आणला. का आणला ते विचारू नकोस. गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत इथल्या म्हाताऱ्या फोरमननं तो माझ्या खिशातून पडताना बघितला.

'कुठल्या गाडीचा?'

'घरच्या.'

'आहे गाडी?'

'भिंतीला लागली.'

'माणूस?'

'भाऊ. आहे. एक गुडघा गेला.'

त्यांनी तुकडा दिव्याखाली धरला. म्हणाले, 'तोंड बघ याचं. अर्धं काळं, अर्धं पांढरं. आवळून तुटतो त्याची मान ओढली जाते, बारीक होते. याची नाही झाली. काळी बाजू म्हणजे चीर जुनी, आत गंज पोचला होता. पांढरं तेवढंच त्या दिवशी तुटलं.'

मी विचारलं, 'म्हणजे चूक कोणाची नाही?'

म्हाताऱ्यानं तुकडा माझ्या हातात परत ठेवला. 'चीर कोणाची नाही. न बघता बसवला ती चूक बसवणाऱ्याची. भिंगाखाली धरला असतास तर दिसली असती. भाऊ कोणता पाय टेकतो?'

'उजवा.'

'म्हणजे उभा आहे. मग जेव गपचूप,' म्हणाले आणि गेले.

तुकडा या कागदासोबत पाठवतोय. भिंग घेऊन बघ. माझ्यावर विश्वास ठेवायला मी सांगत नाही.

कलम आठ. कोणता बोल्ट ठेवावा, कोणता बदलावा.
हे मी मेल्यावर नाही, आजपासून लागू. जो तुटला तर गाडी कुरूप दिसेल, तो जुना. जो तुटला तर माणूस मरेल, तो नवा. स्टिअरिंग, ब्रेक, चाकं, पुढचा आस, इथं अण्णांचा एकही बोल्ट जाऊ नये. मडगार्ड, बॉनेट, दारं, सीट, दिवे, इथं तुझा एकही येऊ नये. मधल्यांची परीक्षा घ्यावी: एक दिवस रॉकेलमध्ये, मग तारेचा ब्रश, मग नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे. अडला तर बाद. मान बारीक झाली असेल तर बाद. भिंगाखाली केसाएवढी रेघ दिसली तर बाद, मग तो अण्णांनी स्वतः चुंबन घेतलेला असला तरी. बाद झालेलेही फेकायचे नाहीत. त्यांचा वेगळा डबा करावा आणि वहिनींनी वर लिहावं, 'बसवू नये'.

म्हणजे त्या दिवशी तू बरोबर होतास. आज तू चूक आहेस. त्या दिवशी चार बोल्टांपुरता बरोबर होतास, म्हणून आज एक्केचाळीस डबे फेकायचा हक्क तुला मिळत नाही. दोन्ही नीट वाच. पहिलंच वाक्य वाचून गल्लीभर मिरवू नकोस.

कलम नऊ. भोक.
तुझ्या पत्राच्या मागे वहिनींनी पेन्सिलनं एक ओळ लिहिली होती, तुला न सांगता. आता कळलं तरी त्यांना बोलायचं नाही. 'भाऊजी, यांना क्लच दाबता येत नाही. रोज गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसतात, पाय ठेवून बघतात आणि उतरतात. म्हणून विकतायत.'

हे तुला लिहिता आलं नाही? डॉक्टर, डाग, सेट, भंगार, सगळं लिहिलंस. खोटं बोलण्यात आपण दोघं अण्णांवर गेलेलो नाही एवढं नक्की.

इथं एका पाय गेलेल्या गिऱ्हाईकाच्या गाडीला आम्ही हाताचा क्लच केला. गिअरशेजारी एक दांडा, त्याला केबल, केबल खाली क्लचला. दांडा ओढला की क्लच दाबला जातो. सोपं आहे, पण त्याला गाडीच्या तळाला एक भोक पाडावं लागतं. मूळ पत्र्याला. पन्नास वर्षांत जिथं कोणी भोक पाडलं नाही तिथं.

सदरहू गाडीचा अर्धा मालक या नात्याने मी लिहून देतो की ते एक भोक पाडायला माझी हरकत नाही. एकच. बोटाएवढं. सीटच्या कडेला, चित्रात फुली केली आहे तिथं, इकडं-तिकडं एक सूतही नाही. भोकाच्या कडेला आधी कानस, मग रबर, नाहीतर केबल कापली जाईल. दांडा चांगल्या लेथवाल्याकडून करून घे. स्वतः करायला जाऊ नकोस, बिजागरी आठवते मला.

मग गाडी बाहेर काढ, तू स्वतः चालव, रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन ये. वहिनींना शेजारी बसव. परत आल्यावरही विकायचीच असेल तर वहिनींनी मला एका ओळीत कळवावं, मी त्याच दिवशी सही पाठवीन आणि डॉक्टरच्या नावानं बोटं मोडणार नाही. त्याआधी सही मिळणार नाही. तुझा कागद कोरा परत पाठवलाय.

कलम दहा. कामावरचे पैसे.
छापील कागदावर तुझ्या जागी आता वहिनींचं नाव आहे. ते बदलणार नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. रागाच्या भरात तोंडी जे काही बोललो असेन, विशेषतः पाईपचं, ते या लेखाने रद्द समजावं.

लिहून ठेवणार: अण्णांचा धाकटा. (सही माझीच, वरचा डाग शाईचा नाही, ग्रीसचा आहे.)

साक्षीदार पहिला: खोलीतला जोडीदार, रंगारी. सगळं वाचून म्हणाला, 'एवढं भांडण टपालानं पाठवतोस, त्यापेक्षा स्वतः जा की.' त्याला फक्त सही करायला सांगितलं होतं. केली.

साक्षीदार दुसरा: म्हातारा फोरमन. कलम आठ दोनदा वाचलं, एक शब्द दुरुस्त केला, सही केली.

ठिकाण: वर्कशॉपच्या माळ्यावरची खोली.
तारीख: आठ, पगाराचा दुसरा दिवस.

सोबत: तुटलेला तुकडा एक, दांड्याचं चित्र एक, कोरा कागद एक. आणि स्टिअरिंग-ब्रेकच्या नव्या बोल्टांचे सहा हजार चारशे, दांडा-केबलचे बत्तीस हजार. एकूण अडतीस हजार चारशे.