पाठीचं माप

उस्ताद, माझ्या लेकीचं लग्न आठ दिवसांवर आलंय आणि मी कटिंगच्या टेबलाशी बसून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही, आणि माझं उर्दू तुमच्या शिव्यांपुरतं. म्हणजे तुम्ही असतात तरी हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागलं असतं, आणि दुसऱ्या कुणासमोर वाचावं असं यात काही नाही.

तुम्ही मूळचे शेरवानीचे कारागीर. पोलीस अ‍ॅक्शननंतर निजामाची सत्ता गेली, शेरवानी घालणारी मंडळी ओसरली, आणि मी हाताखाली आलो तोवर तुम्ही पँट-शर्ट आणि सफारीवर आला होतात. तरी लग्नसराईत एखादी शेरवानी यायचीच. कच्ची शिलाई झाली की तुम्ही ती आधी माझ्या अंगावर चढवायचात, मला आरशासमोर गोल फिरवायचात आणि बाकड्यावर बसलेल्यांना सांगायचात, ‘‘खांदे देखो इसके. अल्लाह ने टेप लगा के बनाए.’’ मी तोंडानं लाजायचो आणि आतून फुगायचो. लोकांनी आपल्याकडे बघावं हे मला तेव्हा फार आवडायचं, हे तुमच्या नक्की लक्षात आलं असणार. तुमच्या हातचा मार मात्र एकदाच खाल्ला. पाठीत वाकलेले शाळेतले एक मास्तर कोट शिवून घ्यायला आले होते आणि मी भर दुकानात विचारलं, ‘‘उस्ताद, यांची पाठ वाकडी आहे, लांबी कुठून धरू?’’ बाकड्यावरची सगळी डोकी वर झाली. तुम्ही मास्तरांचं माप स्वतः घेतलंत आणि त्यांना दारापर्यंत सोडून आलात. मग टेपचा एक फटका माझ्या मनगटावर आला. ‘‘कपडे का ऐब कित्ता बी बोल. आदमी का नक्को बोल.’’

माणसाची खोट बोलायची नाही, हे मी जन्मभर पाळलं, पण स्वतःसाठी. तुमच्या माघारी, मी तिशीत असताना, सकाळी उठलं की पाठ लाकडासारखी व्हायची. मशीनवर बसून बसून होतंय, असं सगळेच म्हणाले. मणक्याचा संधिवात आहे हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली होती. मणके एकमेकांना चिकटत गेले आणि मी पुढं झुकत गेलो. आता चालताना मला रस्ता दिसतो, माणसांच्या चपला दिसतात. समोरच्याचा चेहरा बघायचा तर गुडघे वाकवावे लागतात. दुकानातला मोठा आरसा मी हलवून अशा जागी लावलाय की माप घेताना मी गिऱ्हाइकाच्या आड राहतो. माझे शर्ट अजून जुन्या मापानंच बेततो. पुढून लोंबतात, मागून वर चढतात. बायको म्हणते, ‘‘लोकाचे कपडे शिवता आणि स्वतः असं काय घालता?’’ मी म्हणतो, मला कोण बघतंय. उस्ताद, तीस वर्षांत मी कुणालाही माझ्या पाठीला टेप लावू दिलेली नाही.

खरं सांगायचं ते लेकीची सुपारी फुटली त्या दिवसाचं. कार्यक्रम आमच्या गारखेड्याच्या घरीच होता. व्याही करमाडचे, शेतीवाडी असलेले, मोकळ्या स्वभावाचे. आधीची बोलणी फोनवरच झाली होती, त्यांची-माझी ती पहिलीच भेट. दारात स्वागताला मी पुढं झालो, तर त्यांना वाटलं मी पाया पडायला वाकतोय. ‘‘आवो, हे काय करायलात? आपुन बरोबरीचे!’’ म्हणत त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले आणि मला वर उचलायला लागले. पाठ कुठली वर येतेय! मी हट्टानं वाकलोय असं समजून त्यांनी आणखी जोर लावला. दोन्हीकडचे लोक बघत होते, कुणी मोबाइल काढला होता. पाठीचा आजार आहे, एवढं एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. आणि मी काय केलं, तर कमरेतून होतं तेवढं आणखी वाकलो आणि खरोखरच त्यांच्या पाया पडलो. माझ्यापेक्षा वयानं लहान माणूस तो. मागून कुणीतरी म्हणालं, किती साधा माणूस आहे हो.

पाहुणे गेल्यावर लेक समोर येऊन उभी राहिली. शेंद्र्याच्या एका कंपनीत सुपरवायझर आहे ती, आवाज चढवायची सवय आहे. त्या दिवशी मात्र हळू बोलली. ‘‘पप्पा, पाठ वाकडी आहे म्हणायची लाज वाटली, आणि माझ्या सासऱ्याच्या पाया पडायची नाय वाटली?’’ मी रिकामे कप गोळा करायला लागलो. ती पुढं म्हणाली, ‘‘आता त्या घरात मला कायम खालीच बघायचं का? लग्नाच्या आत तुम्ही सांगा, नायतर मी मांडवात सांगते.’’

त्याच आठवड्यात दवाखान्यात तपासणीला गेलो होतो. तिथं एक तरुण डॉक्टरीण बाई संशोधन करताहेत, संधिवाताच्या माणसांना स्वतःच्या शरीराविषयी काय वाटतं यावर. एवढ्या वर्षांत पाठीत किती दुखतं हे सगळ्यांनी विचारलं, पाठ कशी दिसते याचं काय वाटतं हे कुणी विचारलं नव्हतं. आरशात बघायचं टाळता का? नाही. फोटो टाळता का? नाही. शरीराच्या लाजेपायी मनाविरुद्ध कधी काही केलंत का? उस्ताद, मी हसून म्हणालो, ‘‘छे हो, या वयात कसली लाज?’’ बाईंनी मान हलवली आणि पुन्हा यायला सांगितलं. घरी येईपर्यंत माझे कान गरम होते.

काल व्याही कोटाच्या ट्रायलला दुकानात आले. मानाचा कोट मीच शिवणार असं मी आधीच सांगितलं होतं. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं होती, कारागीर मशीनवर होता. व्याही आरशात बघून म्हणाले, ‘‘व्याही, लई झ्याक बसलाय.’’ मी मागं उभा राहून खांद्यावर खडू मारत होतो. त्यांच्या पाठीकडे बघतच मी म्हणालो, ‘‘त्या दिवशी मी पाया पडायला वाकलो नव्हतो. माझी पाठच अशी आहे. मणक्याचा आजार आहे, सरळ होत नाही. सांगायची लाज वाटली, म्हणून मग पाया पडलो.’’ मशीन थांबली. व्याही वळले आणि कच्च्या शिलाईच्या कोटासकट स्टुलावर बसले. बसल्यावर त्यांचा चेहरा मला नीट दिसला.

‘‘मंग म्या धरून वढलं तवा दुखलं आसंल की.’’

‘‘लई दुखलं.’’

‘‘घरी गेल्यावर आमची मंडळी म्हणली, माणूस दबलेला दिसतोय. म्या बी म्हणलं, आसंल.’’ ते मान खाली घालून बटणाच्या जागी चाळा करत राहिले. ‘‘तिला आज सांगतो. आन् मांडवात व्याहीभेट आपुन खुर्चीवर बसून घेऊ. कोन काय म्हनतंय?’’

लेकीला सांगितलं तेव्हा ती नुसतं ‘‘बरं’’ म्हणाली आणि आत जाऊन रडली. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भर बाजारात कुणी अंगातला शर्ट काढून घ्यावा तसं वाटत राहिलंय. तरी डॉक्टरीण बाईंकडे पुन्हा जाईन आणि यावेळी खरं तेच सांगेन, एवढं ठरवलंय.

एक गोष्ट त्यांनाही सांगणार नाही. तुमच्या मय्यतीला मी खांदा दिला होता. ताठ चाललो होतो आणि पोरकं झाल्यासारखा रडलो होतो. हे पत्र कबरीपाशी येऊन वाचावं असं सकाळी मनात होतं, पण तुमच्यासमोर असा येऊन उभा राहायचं माझ्यानं होणार नाही. मी शेवटचा आलो त्यालाही तीस वर्षं होतील. पाठ पहिल्यांदा वाकलेली दिसली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, उस्ताद आधीच गेले. बापाच्या जागी असलेल्या माणसाच्या मरणाचं मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.